विहिरीवरच्या घरगुती कंट्रोलरला डबा कोणता: पत्र्याचा, प्लास्टिकचा की प्रिंट केलेला?

मोबाइलवरून मोटार चालू-बंद करणारा बोर्ड घरी तयार झाला, टेबलावर नीट चालला. आता तो शेतातल्या मोटारीच्या खोलीत भिंतीवर चढवायचा आहे. डब्याचा विचार बहुतेकजण इथे येऊन सुरू करतात. माझं म्हणणं असं, की डबा आधी ठरवावा आणि बोर्डाचं माप त्यावरून काढावं. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर जातो, वर पत्र्याचं छत असतं, खाली काळ्या मातीची पिठासारखी धूळ. जून लागला की हवा दमट. मुंग्या, पाली आणि उंदीर तर बाराही महिने.

खरी निवड दोघांतच आहे: पत्र्याची पेटी, नाहीतर रबरी गास्केट (झाकण घट्ट बसवणारी पट्टी) असलेला एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट या कडक प्लास्टिकचा डबा.

पत्र्याच्या पेटीचा मोठा गुण म्हणजे ती मापात बनवून मिळते. कोणत्याही तालुक्याच्या गावी फॅब्रिकेशनवाला १८ गेजच्या, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात, कुलपाच्या कडीसकट पेटी करून देतो. संभाजीनगरच्या बाजूला असाल तर वाळूज, चिकलठाण्याकडे पावडर कोटिंगही होतं. उंदीर ती कुरतडत नाही. आत ठिणगी उडाली तरी आग बाहेर जात नाही. आतली उष्णताही पत्रा बाहेर सोडतो, पण पेटी सावलीत असेल तरच. उन्हात तोच पत्रा तापून आतल्या बोर्डाला भाजून काढतो.

तरीही घरगुती बोर्डासाठी मी पत्रा सुचवत नाही, आणि त्याचं मुख्य कारण अर्थिंग आहे. सुटलेली एखादी फेजची वायर पेटीला टेकली तर पेटी हात लावणाऱ्याला वाचवेल की मारेल, हे पूर्णपणे अर्थिंगवर अवलंबून असतं. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि कोरड्या मातीतून करंट जमिनीत नीट उतरत नाही. ज्या शेतात खड्ड्याला महिनोन्‌महिने पाणी घातलं जात नाही, तिथे धातूच्या पेटीवर भरवसा ठेवणं धोक्याचं. पत्राच वापरायचा असेल तर दाराला वेगळी लवचिक अर्थिंग वायर जोडा, कारण रंग लावलेल्या बिजागरीतून करंट जाईलच असं नाही. बोर्डाखाली नायलॉनचे खुंट द्या, म्हणजे सोल्डरची बाजू पत्र्याला टेकणार नाही. आणि बोर्डावर जीएसएम मॉड्यूल (सिमकार्डाने मोबाइल नेटवर्कला जोडणारा भाग) असेल तर अँटेना वायरीने बाहेर काढावीच लागेल. बंद पत्र्यात सिमकार्डाला रेंज मिळत नाही.

प्लास्टिकच्या डब्यात हे प्रश्नच येत नाहीत. तो करंट वाहून नेत नाही, अँटेना आतच राहू शकते, भोकं घरच्या ड्रिलने पडतात. फक्त साध्या बिटने एबीएसची कड तडकते, म्हणून पायऱ्यांचा स्टेप ड्रिल वापरा. डब्यावर आयपी-६५ लिहिलेलं असेल तर त्यातला ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही आणि ५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यापासून बचाव. पण आपण पहिलं भोक पाडलं की हा दर्जा आपल्याच हातात येतो. म्हणून प्रत्येक वायरीला ग्लँड, म्हणजे भोकात वायर घट्ट आवळून फट बंद करणारा तुकडा, हवाच. ४ ते ८ मिलिमीटरच्या वायरीला पीजी-९ मापाचा ग्लँड बसतो. सगळ्या वायरी खालच्या बाजूने आत घ्या आणि आत शिरण्याआधी त्यांना खाली झोका द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल.

प्लास्टिकची उणी बाजू उष्णतेची. घट्ट बंद डब्यातली उष्णता बाहेर निघायला वेळ लागतो, आणि बोर्डावरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं (वीज साठवणाऱ्या गोल डबीसारख्या भागाचं) आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. त्यामुळे बोर्ड जेमतेम मावेल असा डबा घेऊ नका, दुप्पट जागेचा घ्या, आणि कपॅसिटर १०५ अंशांपर्यंत चालणारेच वापरा. पारदर्शक झाकणातून दिवे दिसतात हे छान वाटतं, पण ऊन पडणाऱ्या जागी ते झाकण टाळा. एबीएस उन्हात पिवळा पडून ठिसूळ होतो. उघड्यावरच्या खांबासाठी थोडे जास्त पैसे देऊन पॉलिकार्बोनेट घेतलेलं बरं. दिवसा तापलेला डबा रात्री गार होताना दमट हवा आत ओढतो, म्हणून पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी बदलत राहा.

थ्रीडी प्रिंटचा डबा दिसायला देखणा, डिस्प्लेची खिडकी, बटणांची जागा सगळं मनासारखं. पण पीएलए हे प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडतं आणि मे महिन्यात उन्हातला डबा तिथवर जाऊ शकतो. पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक ८० अंशांपर्यंत तग धरतं, तरी थरांच्या फटींतून पाणी झिरपण्याची भीती उरतेच. घरात, पाण्याच्या टाकीची पातळी दाखवणाऱ्या ५ व्होल्टच्या यंत्राला मात्र हाच डबा सगळ्यांत चांगला.

भिंतीवरच्या स्विचबोर्डाचा पीव्हीसी डबा सहज मिळतो, पण त्याला गास्केट नसतं, मुंग्या सरळ आत जातात. स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा डबा चाचणीपुरता ठीक. त्यात २३० व्होल्ट कधीच आणू नका.

आपला बोर्ड स्टार्टरच्याच पेटीत बसवायचा मोह अनेकांना होतो, कारण जागा असते आणि वायरी आखूड पडतात. तसं करू नका. काँटॅक्टर (स्टार्टरमधला मोटारीची वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) ओढला-सुटला की बसणारा दणका आणि त्याच्या कॉइलचा विजेचा झटका ईएसपी-३२ सारख्या छोट्या कंट्रोलर बोर्डाला रीसेट करू शकतो. शिवाय ४१५ व्होल्टच्या पट्ट्यांशेजारी ५ व्होल्टच्या वायरी लोंबकळत राहतात. स्टार्टर त्याच्या पेटीत राहू द्या आणि शेजारी हातभर अंतरावर प्लास्टिकचा डबा लावून दोन्हींमध्ये फक्त रिलेच्या (बोर्डाच्या हुकमावर चालणाऱ्या स्विचच्या) वायरी न्या. डब्याच्या आतही २३० व्होल्टची बाजू आणि ५ व्होल्टची बाजू यांच्यात किमान ८ मिलिमीटर मोकळी जागा ठेवा, आणि हे माप बोर्ड आखतानाच धरा.