संघ, पेटी की पदवी?

धाकटी नणंद विम्याच्या ऑफिसातून निवृत्त झाली. निरोपाची शाल अजून पिशवीतच होती, तेवढ्यात तिचा फोन. "वहिनी, तू तिन्ही करून बसलीस. ज्येष्ठ नागरिक संघात नाव घालू, पेटीचा क्लास लावू, की मुक्त विद्यापीठातून एम.ए. करू?"

मला पोस्टातून बाहेर पडून सात वर्षं झाली. वाईत राहून संघ, पेटी आणि बी.ए. या तिन्हींत मी पैसे घातलेत आणि गुडघेही. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

पैशाचं आधी उरकू. संघ सगळ्यात स्वस्त, वर्षाची वर्गणी महिन्याच्या किराण्याएवढीही नसते. पेटीला दर महिन्याची फी, शिवाय पेटी विकत घ्यायची. पदवीची फी एकदम जाते. पेन्शन नसेल तर संघ बरा. पेन्शन असेल तर फरक एवढा मोठा नाही की त्यावरून ठरवावं.

मी ठरवते ते एका प्रश्नावरून: आज गेले नाही तर कोणाचं काय अडेल? नोकरीत याचं उत्तर ठरलेलं होतं. मी गेले नाही तर काउंटर बंद आणि समोर रांग. निवृत्तीनंतर वेळ ढीगभर मिळतो, पण ते अडणं जातं, आणि माणूस दुपारी टीव्हीसमोर डुलक्या घ्यायला लागतो.

संघात तुम्ही गेला नाहीत तर काही अडत नाही. पण दोन आठवडे दिसला नाहीत की कोणीतरी फोन करतं, "तब्येत बरी आहे ना?" एकट्या राहणाऱ्याला हा फोन फार मोठा असतो, त्याला मी डोळे झाकून संघच सांगेन. शिकण्याचं म्हणाल तर बेताचंच. आमच्याकडे वर्षभरात मोतीबिंदूवर दोन आणि इच्छापत्रावर एक व्याख्यान झालं, बाकी वाढदिवस, चहा आणि अष्टविनायकाची सहल. वेळ संध्याकाळी पाच ते सात. ही वेळ ज्यांनी ठरवली त्यांना घरी गेल्यावर वाढलेलं ताट मिळतं, त्यामुळे बायका निम्म्यातून उठतात. मुरबाड तालुक्यातल्या फांगण्यात २०१६ च्या महिलादिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. ती दुपारी भरते, घरची आणि शेतातली कामं आटोपल्यावर. आमच्या कार्यकारिणीने एकदा तिकडे सहल काढावी.

आता पदवी. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. साठीनंतर प्रवेश घेतला म्हणून कोणी अडवत नाही, पुस्तकं मराठीत मिळतात. अभ्यास आपल्या सवडीने करायचा, आणि घोळ होतो तो इथेच. सवड कधी येतच नाही. माझी पहिल्या वर्षाची पुस्तकं कित्येक महिने पापडाच्या डब्याखाली होती. परीक्षेत आणखी एक गोष्ट कळली. मी तीस-पस्तीस वर्षं शिक्के मारले, सह्या केल्या, पण सलग पानामागून पान लिहिलं नव्हतं. पहिल्याच पेपरला निम्म्यातच अंगठा आखडला आणि दोन प्रश्न येत असून सुटले. पुढचे पेपर पेनाला रबरबँड गुंडाळून दिले. दुसऱ्या वर्षापासून रोज घड्याळ लावून एक पान लिहायची.

तरी मला पदवीचा पस्तावा नाही, कारण माझी जुनी ठसठस होती. बारावी झाली आणि थेट नोकरी, कॉलेज राहूनच गेलं. नणंद बी.कॉम. आहे, तिला तसली ठसठस नाही. नुसता वेळ घालवायला एम.ए. घेतलं तर पहिल्या स्वाध्यायालाच कंटाळेल. विषयाची गोडी असेल तर केंद्र सरकारच्या 'स्वयम्' पोर्टलवर शिकायला पैसे पडत नाहीत, परीक्षा द्यायची असेल तरच फी. मी तिथला एक कोर्स तिसऱ्या आठवड्यात सोडला. कोणी विचारलंसुद्धा नाही.

पेटीच्या क्लासला मात्र मंगळवारी आणि शुक्रवारी बाई वाट बघत असतात. गेलात नाहीत तर पुढच्या वेळी तोच पलटा, म्हणजे सरावाची सुरावट, सगळ्यांदेखत वाजवावा लागतो. पहिले दोन महिने माझा उजवा हात विचारात पडला की डावा भाता हलवायचा थांबायचा, पेटी मध्येच मूग गिळून गप्प. आता थांबत नाही. परीक्षा हवी असेल तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक द्या, तिला लेखी पेपर नाही. तिथून विशारदपर्यंत सात परीक्षा आहेत, पुरून उरतील. माझ्या परीक्षेचं केंद्र साताऱ्याला होतं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्याने जाणं-येणं जड नाही गेलं. बाहेर बसले असताना एका आईने लेकाची पाण्याची बाटली माझ्याकडे सांभाळायला दिली आणि तेवढ्यात आतून माझंच नाव पुकारलं. ती बाटली मांडीवर ठेवूनच मी भूप राग वाजवला.

पेटीत खोट एकच, बैठक. तासभर मांडी घालून मला उठता येईना. टेबलावर पेटी ठेवून शिकवतात का, हे फी भरण्याआधी विचारा.

आणि तिन्हींत शरीर बसलेलंच असतं, हे कोणी मोजत नाही. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीच्या पुढच्यांना आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चालण्यासारखा व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा आणि तीन दिवस तोल सांभाळायला शिकवणारा. गणपती घाटावर फिरणाऱ्या आमच्या मंडळींचं पहिलं कसंबसं होतं, निम्मा वेळ कट्ट्यावर गेला तरी. बाकीच्या दोन्हींचं नावच नाही. मी कुकर लावला की ओट्याला बोट टेकून एका पायावर उभी राहते, आणि हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठबस करते. तिसरी शिट्टी होईपर्यंत दोन्ही होतं.

नणंदेला मी पेटी सांगितली. संघात पुढे कधीही जाता येईल. परवा तिने विचारलं, नवी घेऊ की जुनी? जुनी घे म्हटलं, पण भाता पूर्ण भरून, एकही पट्टी न दाबता कान देऊन थांब. हवा सुस्स करत निघून गेली तर ठेव तिथेच.