दहा वर्षांचा घरचा पीसी: एसएसडी, लिनक्स की ऑफिसातून निघालेलं मशीन?

बऱ्याच घरांत अजून तोच संच आहे: चौथ्या पिढीचा आय३, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, साडेअठरा इंची मॉनिटर आणि विंडोज १०. मुलांचे प्रोजेक्ट, सोसायटीचे हिशेब, आजोबांचं टायपिंग, सगळं त्याच्यावरच चालतं. चालतं म्हणजे, रडतखडत. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे हे मशीन त्यात बसत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या मशीनवर पैसे घालायचे ते फक्त अशा भागावर, जो उद्या काढून दुसऱ्या मशीनला लावता येईल. एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीविना चालणारी जलद डिस्क, लावता येते. डीडीआर३ रॅम पुढे चालत नाही, आणि मदरबोर्ड दुरुस्तीचा पैसा तर त्या बोर्डाबरोबरच जातो.

आधी दुखणं ओळखा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांना चिकटलेला आणि सीपीयू (प्रोसेसर) वीस-पंचवीसवर निवांत, असं दिसलं तर दोष हार्ड डिस्कचा. ब्राउझरच्या तीन-चार टॅबमध्येच मेमरी नव्वदच्या वर गेली, तर रॅम कमी पडतेय. सीपीयूच शंभरवर असेल तर कोणता प्रोग्राम तो खातोय ते पाहा, आणि कॅबिनेट उघडून पंख्यावरची धूळही बघा. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो.

डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकट प्रोग्रामात दिसते. रीॲलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर (डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागा) वाढलेले आणि खूण पिवळी असेल, तर बाकी सगळं सोडून आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा. अशा डिस्कवर डीफ्रॅग किंवा चेकडिस्क चालवू नका. मरणाऱ्या डिस्कला ती मेहनत झेपत नाही.

काही दुखणी मात्र चिल्लर असतात. दर वेळी तारीख मागे जाते आणि बँकेची साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणते? मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. तारीख चुकली की साइटचं प्रमाणपत्रही ब्राउझरला अवैध वाटतं. डिस्प्ले येत नाही, नुसते बीप वाजतात? विजेची पिन काढून, रॅम उपसून, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हा उपाय पावसाळ्यात हमखास लागतो. मशीन मधूनच बंद पडत असेल तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर. पण बोर्डवरचे कपॅसिटर (छोट्या गोल डब्या) फुगलेले दिसले, तर तिथेच थांबा आणि खाली तिसऱ्या पर्यायाकडे, म्हणजे ऑफिसातून निघालेल्या मशीनकडे जा.

आणि ‘फॉरमॅट मारून देतो’ हा दुकानातला ठरलेला उपाय. हार्ड डिस्क तीच ठेवून विंडोज नव्याने टाकलं की मशीन थोडे दिवस हलकं वाटतं, मग अपडेट आणि अँटिव्हायरस पुन्हा त्याच डिस्कवर येऊन बसतात. नुसत्या फॉरमॅटला पैसे देऊ नयेत असं मला वाटतं.

एसएसडी टाकून विंडोज १० च ठेवायचं

फरक सगळ्यात जास्त इथे दिसतो. विंडोज सुरू होताना डिस्कवर हजारो लहान फाइली विखरून वाचाव्या लागतात. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क सेकंदाला शंभरेक ठिकाणीच पोचते. साधी साटा (केबलने जोडायची) एसएसडी हजारो ठिकाणी. प्रोसेसर तोच राहतो, तरी मशीन दुसरंच वाटतं.

घेताना २.५ इंची साटाच घ्या. दुकानदार एम.२ (थेट बोर्डात खोचायची चपटी पट्टी) दाखवेल, पण एच८१ च्या बोर्डांवर तिची जागा सहसा नसते. या चिपसेटवर साटाचे दोन पोर्ट ६ गिगाबिटचे आणि दोन ३ चे असतात. एसएसडी जलद पोर्टलाच लागली का ते पाहा. दुसरी ४ जीबीची रॅम पुढे चालणार नसली, तरी जुन्या बाजारात स्वस्तात मिळाली तर घ्या. त्यापलीकडे खर्च नको.

अडचण मुदतीची. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिले आहेत; मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसेही पडत नाहीत. विंडोज ११ जबरदस्तीने टाकून देणारे भेटतील. ते चालतंही, पण पुढचे अपडेट मिळण्याची हमी नाही. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात तिथे मी ते करणार नाही.

एसएसडी टाकून लिनक्स

खर्च पहिल्याइतकाच, मुदत मात्र लांब. लिनक्स ही विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट प्रणाली. तिच्या मिंट या प्रकाराच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती ४ जीबी रॅमवर नीट चालते. पेनड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता, आधी चालवून बघता येते. वायफाय आणि आवाज तिथेच तपासून घ्या.

यूट्यूब, ईमेल, ऑनलाइन फॉर्म, इनस्क्रिप्टने मराठी टायपिंग एवढंच काम असेल तर घरच्यांना आठवड्याभरात सवय होते. पण तीन गोष्टी आधी विचारा. हिशेब टॅलीत आहेत का? ते विंडोजचं सॉफ्टवेअर आहे. वर्षानुवर्षांची पत्रं श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत का? मग ती युनिकोडमध्ये बदलून घेण्याचं काम विंडोज असतानाच उरका. आणि प्रिंटर कोणता? आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर चालवणं म्हणजे डोकेदुखी. एचपीचे बरेचसे प्रिंटर मात्र निमूट चालतात. डीएससीच्या (डिजिटल सहीच्या) डोंगलवर सह्या करणाऱ्यांनी विंडोजच ठेवलेलं बरं.

ऑफिसातून निघालेलं मशीन

कंपन्या दर काही वर्षांनी मशीन बदलतात, आणि ती साफसूफ होऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत येतात. डेलचा ऑप्टिप्लेक्स ३०६०, लेनोवोचा थिंकसेंटर एम७२०, एचपीचा एलिटडेस्क ८०० जी४, ही नावं लक्षात ठेवा. आठव्या पिढीची ही मशीनं विंडोज ११ अधिकृतपणे घेतात. वरची एसएसडी यांनाही बसते, म्हणून तिचा खर्च वाया जात नाही.

फसगत इथे जास्त होते. ‘आय७ आहे साहेब’ ऐकून भुलू नका, पिढी विचारा. सहाव्या पिढीच्या आय७ पेक्षा आठव्या पिढीचा आय५ आपल्या कामाचा. मॉडेल नंबर ८ ने सुरू होतो का ते स्वतः स्क्रीनवर पाहा. ब्रँडेड डब्यांत एसएमपीएस बहुधा कंपनीच्या मापाचा असतो. गेला तर नाक्यावरच्या दुकानातला साधा बसत नाही. तुमच्या जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल तर कन्व्हर्टर लागेल, तो त्याच सौद्यात मागून घ्या. वॉरंटी तोंडी नको, बिलावर लिहून घ्या.

कोरं नवं मशीन मी या यादीत फारसं धरत नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत, आणि त्या भावात ४ जीबीचा नवा लॅपटॉप म्हणजे पुन्हा तीच रडकथा.

टॅली किंवा डोंगल असेल तर सरळ तिसरा पर्याय. कपॅसिटर ठीक आणि काम ब्राउझरपुरतं असेल तर दुसरा. मुलाची बारावी किंवा घराचं शिफ्टिंग संपेपर्यंत वेळ काढायचा असेल तरच पहिला.

कोणताही पर्याय घ्या, निघालेली हार्ड डिस्क भंगारवाल्याला देऊ नका. तिच्यावर घरातल्या सगळ्यांच्या आधार-पॅनचे स्कॅन असतात. चांगली असेल तर यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपला वापरा, ३.५ इंची डिस्कच्या केसला वेगळा पॉवर अडॅप्टर लागतो, तो सोबत आहे ना ते बघून घ्या.