डी-डायमर: सरसकट ५०० की वयाच्या दहापट?

फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याची शंका असली, पण लक्षणांवरून ती शक्यता फार मोठी वाटत नसली, तर डी-डायमर (रक्ताची गुठळी विरघळताना सुटणारा प्रथिनाचा तुकडा) मोजणारी रक्तचाचणी करतात आणि तिचा आकडा मर्यादेच्या आत आला की सीटी स्कॅन टाळता येतो. जुनी मर्यादा सर्वांना एकच आहे, लिटरमागे ५०० मायक्रोग्रॅम. ती लक्षात ठेवायला सोपी आहे. मात्र डी-डायमर वयाबरोबर आपसूक वाढत असल्याने गुठळी नसतानाही वृद्धांचा अहवाल ‘वाढलेला’ येतो. दुसऱ्या पद्धतीत पन्नाशीनंतर वयाला दहाने गुणतात. समजा, ७८ वर्षांच्या आजींचा आकडा ६४० आला, तर पहिल्या हिशेबाने मूत्रपिंडे थकलेली असतानाही त्यांना शिरेतून कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या ठळक दिसाव्यात म्हणून देतात ते, मूत्रपिंडांवर ताण आणू शकणारे द्रव्य) घेऊन स्कॅनला सामोरे जावे लागते. दुसऱ्या हिशेबाने मर्यादा ७८० असल्याने ते टळते.

यात एखादी गुठळी नजरेतून सुटेल, ही धास्ती रास्तच आहे. बेल्जियम, फ्रान्स, नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमधील १९ केंद्रांत झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या दोन मर्यादांच्या मधल्या ३३१ रुग्णांपैकी तीन महिन्यांत एकालाच गुठळीचा त्रास झाला. पंचाहत्तरी गाठलेल्यांत केवळ या चाचणीवरून गुठळी नाकारता येण्याचे प्रमाण ६.४ वरून २९.७ टक्क्यांवर गेले. वृद्धांसाठी मला म्हणूनच दुसरी पद्धत योग्य वाटते. अहवालावरचे एकक मात्र डोळ्यांखालून घालायलाच हवे, कारण काही प्रयोगशाळा वेगळे एकक वापरून तीच मर्यादा सुमारे २५० धरतात आणि तेथे वयाला पाचाने गुणावे लागते.