भाकरीमावशीचा अभिप्राय: पाचपैकी चार

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी पहाटे चारला उठते. त्या दिवशीच्या भाकऱ्या गिऱ्हाइकांच्या नसतात. चाळीस कडक भाकऱ्या, अर्धा किलो शेंगा चटणी, हंगाम असेल तर बोरं. सोलापूर स्टँडवरून दीड तास एसटीत डबा मांडीवर धरून बसायचं, कारण कडक भाकरीला धक्का लागला की चुराच उरतो. ज्या बालगृहात मी उतरते तिथे गेली सहा वर्षं माझी भाची आणि भाचा राहतात. आली तेव्हा मोठी नऊ वर्षांची होती, धाकटा पाचचा.

संस्थेचं नाव लिहिणार नाही. बालगृहातल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याने मनाई आहे, आणि आमच्या भागात नुसतं गावाचं नाव घेतलं तरी कुणाची मुलं ते लोकांना कळतं. तरी लिहिते आहे, कारण सहा वर्षांपूर्वी मीही रात्री मोबाइल घेऊन असली ठिकाणं शोधत बसले होते. सापडायचं ते सगळं देणगीदारांनी लिहिलेलं असायचं. स्वच्छ परिसर, हिरवीगार झाडं, शिस्तबद्ध मुलं. मुलांना कसं वाटतं ते एकानेही लिहिलं नव्हतं.

माझ्या बहिणीचं जे झालं ते तिच्या घरात झालं आणि तेव्हा दोन्ही मुलं घरातच होती. यापुढे त्याबद्दल लिहीत नाही. बाप तुरुंगात गेला, मुलं माझ्याकडे आली. चार महिने ठेवली. आमची एक खोली, त्यात आम्ही पाच जण, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. धाकटा रात्री ओरडत उठायचा आणि अख्खी चाळ जागी व्हायची. मोठी विकायच्या गठ्ठ्यातून भाकऱ्या चोरायची. पोटभर वाढलं तरी चोरायची. एकदा मी तिला उलथन्याने मारलं. १०९८ ला, म्हणजे मुलांच्या मदतीच्या सरकारी नंबरला, फोन त्यानंतर मीच केला. मूल कुठे ठेवायचं ते ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीपुढे "मला झेपत नाही" एवढं बोलायला मला अर्धा तास लागला.

इथे एक गोष्ट मध्येच सांगून टाकते. मूल नातेवाइकाकडेच ठेवायचं असेल तर सरकारची बालसंगोपन योजना आहे, हल्ली तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुलेंचं नाव दिलंय. महिन्याला मुलामागे २२५० रुपये मिळतात. मला तेव्हा कुणी ही योजना सांगितली नाही. पैसे मिळाले असते तरी खोली तेवढीच राहिली असती, हेही खरं. पण तुम्ही आधी विचारा.

सुरुवातीचे दोन महिने मुलं दुसरीकडे होती. मोठी मुलींच्या संस्थेत, धाकटा मुलांच्या. भाऊ-बहीण एकत्र ठेवायची सोयच नव्हती. धाकटा आमच्याकडे होता तेव्हा मोठीच्या वेणीचं टोक मुठीत धरून झोपायचा. तिथे लांबलचक हॉल, ओळीने गाद्या, उठायला घंटा, जेवायला घंटा. तो रोज गादी ओली करायचा आणि ती गादी अंगणात वाळत घातलेली असायची, कुणाची आहे ते सगळ्यांना दिसेल अशी. मोठी सांगायची की तिकडे एका महिन्यात तिने अकरा वेळा केक खाल्ला. लोक आपल्या पोरांचे वाढदिवस साजरे करायला यायचे, मुली रांगेत बसून प्रार्थना म्हणायच्या, मग फोटो. मी भेटायला गेले की ती उठून उभी राहायची आणि हात जोडून "नमस्कार" म्हणायची. मला, सख्ख्या मावशीला! शिस्तबद्ध मुलं म्हणतात ती ही. तेव्हापासून कुठे शिस्तीचं कौतुक वाचलं की माझ्या पोटात गोळा येतो.

आता या बालगृहाबद्दल. एका आवारात सहा घरं आहेत. एका घरात दहा मुलं, मुलगे-मुली, लहान-मोठी मिसळून, आणि एक बाई. कागदावर ती गृहमाता, मुलं तिला आई म्हणतात. सख्खी भावंडं एकाच घरात. ही पद्धत ऑस्ट्रियातली. हर्मन ग्माइनर नावाच्या माणसाने १९४९ साली दुसऱ्या महायुद्धात पोरक्या झालेल्या मुलांसाठी एसओएस बालग्राम सुरू केलं. आपल्याकडे त्यांचं पहिलं गाव फरीदाबादजवळ १९६४ ला झालं. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूरला झालं ते आमच्या भागातल्या लोकांना माहीत असतंच. आमचं बालगृह त्यांचं नाही, पण घडी तीच. प्रत्येक घराची चूल वेगळी. महिन्याचे पैसे आईच्या हातात येतात आणि ती आठवडी बाजारातून स्वतः भाजी आणते, मुलांना पिशव्या उचलायला घेऊन. शाळा आवाराबाहेर, गावातली. माझी भाची आता मेथीच्या जुडीवर अशी घासाघीस करते की बाजारात मला लाजायला होतं.

पण घरं बांधून मुलं बरी होत नाहीत. कशी होतात ते मी दुसऱ्या रविवारांच्या हप्त्याहप्त्याने पाहिलं.

मोठीची चोरी तिथेही सुरू राहिली. उशीच्या अभ्र्यात भाकरीचे तुकडे सापडले, मुंग्या लागलेले. आईने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, तुम्ही कडक भाकरी करता ना? ती किती दिवस टिकते?" मी म्हटलं, नीट वाळवली तर महिनाभर. म्हणाल्या, मग जास्त आणत जा. त्यांनी मोठीच्या खाटेशेजारी झाकणाचा एक स्टीलचा डबा ठेवला. त्यात चार कडक भाकऱ्या आणि गुळाचा खडा. "हा तुझा. यातलं कुणी घेणार नाही, मीही नाही. संपलं की सांग, भरते." एवढंच. का चोरतेस, असं करू नये, काही नाही. पहिल्या महिन्यात डबा रोज रिकामा होत होता. मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने. सात-आठ महिन्यांनी मी गेले तर मोठीने डबा माझ्यापुढे केला. आतली भाकरी मागच्या महिन्याची होती. "मावशी, ही मऊ पडली. बदलून दे." मी भाकरीचा धंदा वीस वर्षं करते. गिऱ्हाइकाची तक्रार ऐकून इतका आनंद कधी झाला नव्हता.

धाकट्याचं अवघड होतं. दाराची कडी वाजली की तो खाटेखाली. आईने घरातल्या प्रत्येक कडीला जुन्या साडीच्या चिंध्या गुंडाळल्या. अजूनही दोन दारांवर आहेत. गड्यांपैकी कुणी नळ दुरुस्त करायला येणार असेल तर सकाळीच सांगून ठेवतात: अमुक काका येणार, इतका वेळ थांबणार, तू माझ्याजवळ बस. ओल्या चादरींचा विषय निघत नाही. सकाळी आई स्वतःच आंघोळीच्या आधी बादलीत टाकते, आणि इतर मुलांच्या चादरीही त्याच बादलीत जातात, म्हणजे कुणाची कोणती ते कळू नये.

दर गुरुवारी समुपदेशनाच्या ताई येतात. त्या चांगल्या आहेत. पण साठ मुलांना एक ताई आणि आठवड्यात एक दिवस, हे पुरत नाही, आणि संस्थेने त्याबद्दल अभिमानाने बोलायचं कारण नाही. आमच्या पोरांच्या वाट्याला महिन्यात एखादा तास आला असेल. बाकीचं सगळं स्वयंपाकघरात झालं.

ते असं. पहिल्याच भेटीत आईने मला बहिणीचा फोटो मागितला होता. कपाटाच्या दाराला आतून लावला, मुलांना हवा तेव्हा उघडून बघता येईल, नको तेव्हा दिसणार नाही. मग दर भेटीला एकेक प्रश्न. तुमची बहीण आमटी कशी करायची? धाकट्याला झोपवताना काय म्हणायची? मोठीचा पहिला दात कुठे पडला? एका वहीत लिहून घ्यायच्या. मला चीड यायची खरं सांगायचं तर. माझ्या बहिणीची माहिती ही परकी बाई का गोळा करते? एका रविवारी त्या वहीतली आमटी त्यांनी केली. शेंगदाण्याचं कूट, काळा मसाला, सगळं मी सांगितलेलं. धाकटा ओट्याशी उभा होता. त्याने वास घेतला आणि म्हणाला, "असं नाही. आई लसूण करपवायची." तो बहिणीबद्दल बोलला ती जवळजवळ दोन वर्षांतली पहिली वेळ. आईने वळूनसुद्धा पाहिलं नाही. "असं का? किती करपवू?" आणि पुन्हा फोडणीचं पातेलं ठेवलं. तो सांगत राहिला, अजून, अजून, आता काळा, आता बस. मी दाराशी चपला हातात घेऊन उभी. बहीण लसूण खरंच करपवायची. मी विसरले होते.

त्याच दिवशी जाताना त्याने त्यांना "आई, पाणी" म्हणून हाक मारली. एसटीत मी रडले, आणि ते आनंदाने नव्हे. घरात मदतनीस बाई असते तिला मुलं मावशी म्हणतात, म्हणजे ती जागाही गेलेली. मी भाकरीमावशी झाले. आता सवय झाली. उलट आवारात साठ पोरं मला त्याच नावाने हाक मारतात.

एकदा जानेवारीत सुट्टीचा अर्ज करून दोघांना गड्ड्याच्या जत्रेला घरी आणलं. सोळा तारखेला होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं, पोरांना दाखवावं म्हणून नेलं. अक्कल गहाण टाकली होती मी. पहिला बार उडाला आणि धाकटा दिसेना. कणसाच्या हातगाड्याखाली सापडला, चाक दोन्ही हातांनी धरून. मी ओढायला लागले, तो लाथा मारायला लागला, लोक गोळा झाले. मोठीनेच माझा मोबाइल घेऊन आईला फोन लावला. पलीकडून आवाज शांत: "त्याला ओढू नका ताई. तुम्हीच खाली बसा. बोलू नका, नुसतं शेजारी बसा. तुमचा पदर त्याच्या हाताला लागेल असा ठेवा." नव्या साडीनिशी मी हातगाड्याखाली, राखेत आणि कणसाच्या सालपटांत. वीसेक मिनिटांनी त्याने चाक सोडून पदर धरला. कणीसवाला भला माणूस, तेवढा वेळ गाडा हलवला नाही त्याने, आणि निघताना दोन कणसं फुकट दिली.

आता एक तारा का कापला ते.

तिसऱ्या वर्षी ही आई गेली. वडील आजारी पडले म्हणून गावी गेली, तिचा दोष नाही. दहा मुलं, चोवीस तास, महिन्याला चार सुट्ट्या आणि पगार असा की मी भाकऱ्यांवर तेवढं कमावते. बायका टिकणार कशा? पण मुलांना हे आठ दिवस आधी सांगितलं गेलं, आणि मला तर सांगितलंच नाही. मी दुसऱ्या रविवारी डबा घेऊन पोचले तर दार दुसऱ्याच बाईने उघडलं. मोठी तीन आठवडे कुणाशी बोलली नव्हती. धाकट्याच्या चादरी पुन्हा बादलीत. मोठीचा डबा खाटेशेजारी परत आला होता, तिनेच अडगळीतून शोधून आणलेला. ज्यांची एक आई गेलेली आहे त्यांची दुसरी अशी आठ दिवसांत घालवायची असते का, असं मी कार्यालयात जाऊन मोठ्या आवाजात विचारलं. शिपाई मध्ये पडला.

त्यांनी ऐकून घेतलं, हे मान्य करते. आता आई बदलायची झाली तर नवी बाई तीन महिने जुनीबरोबर त्याच घरात राहते, आणि जुनी नंतर ठरलेल्या दिवशी फोन करते. आमची पहिली आई अजून दर गुरुवारी रात्री फोन करते. नवीही चांगली आहे. लसूण करपवायला तिला वहीतून कळलं.

आणखी बारीक तक्रारी आहेत. भेटीचा दिवस महिन्यात एकच. मुलगे मोठे झाले की युवागृहात हलवतात. धाकटा आता अकराचा आहे, तो दिवस फार लांब नाही आणि त्याची तयारी काय, यावर सरळ उत्तर मिळत नाही. मोठी पंधराची. अठरा झाली की बालगृह संपतं, पुढे एकवीसपर्यंत अनुरक्षण गृहाची सोय कायद्यात आहे, पण तिला जिथे राहायचंय ते घर हेच. तिला नर्सिंग करायचंय म्हणते.

तुम्ही असं ठिकाण बघायला जाल तर बाग बघू नका, संगणक कक्ष बघू नका. या घरातली आई किती वर्षांपासून आहे, हे विचारा. तिच्या आधीची का गेली तेही विचारा. उत्तर देताना घुटमळले तर समजून जा. भाऊ-बहीण एकत्र ठेवता का, हे पहिल्या फोनवरच विचारा. जमलं तर स्वयंपाकघरात डोकवा. पातेली दहा-पंधरा माणसांची असतील तर बरं, लग्नाच्या मापाची असतील तर परत फिरा.

फोन करून जा. एक ते दोन जेवायची वेळ असते, तेव्हा गेटवर कुणी येत नाही. केक घेऊन जाऊ नका, इथे तो कार्यालयातच ठेवून घेतात आणि मुलांबरोबर फोटो काढू देत नाहीत. मागच्या वेळी एक कुटुंब त्यावरून बरंच चिडलं. काही न्यायचंच असेल तर सुती चादरी न्या, सिंगल खाटेच्या, गडद रंगाच्या. त्या कितीही आणल्या तरी पुरत नाहीत.