प्रोबेशनमध्ये राजीनामा आणि २००० रुपयांचा वकिली सल्ला: पाचपैकी चार स्टार

आधीच सांगते, मॅडमचं नाव टाकणार नाही. वकिलांना स्वतःची जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमात बंदी आहे, त्यामुळे त्याच म्हणाल्या की लिहायचं तर लिही पण माझं नाव नको. मग रिव्ह्यू कशाला, तर नोकरी सोडताना वकिलाकडे जाऊन पैसे वसूल होतात का हा प्रश्न मलाही पडला होता आणि कुणी धड सांगत नव्हतं.

तर झालं असं. हिंजवडीतली एक कंपनी, मला जॉइन होऊन सहा महिने अकरा दिवस झालेले. प्रोबेशन (नोकरी पक्की होण्याआधीचा चाचणीचा काळ) सहा महिन्यांचं, त्यात नोटीस पिरियड (राजीनाम्यानंतर काम करायचे दिवस) ३० दिवस, कन्फर्म झाल्यावर ९०. दुसरीकडची ऑफर आली, त्यांना मी ३५ दिवसांत हवी होते. कन्फर्मेशन लेटर काही आलेलं नाही म्हणजे मी अजून प्रोबेशनवरच, असा हिशोब करून ३० दिवसांच्या नोटिशीचा मेल टाकला आणि मोकळी झाले. अर्ध्या तासात एचआरचा फोन. सहा महिने उलटले म्हणजे तू कन्फर्म, ९० दिवस काम कर नाहीतर ६० दिवसांचे पैसे भर. मागोमाग एक्सेल शीट आलं, ६० दिवसांचा पगार ९२,०००, त्याखाली १८ टक्के जीएसटी १६,५६०, एकूण १,०८,५६०. माझ्या खात्यात तेव्हा एकतीस हजार होते.

आई म्हणाली सहा महिन्यांत कोण नोकरी सोडतं का, भर बाई ते ९० दिवस. फ्लॅटमेट म्हणाली लॅपटॉप कुरिअर कर आणि उद्यापासून जाऊच नको. मी खरंच बबल रॅप शोधत होते, खोटं कशाला सांगू.

कझिनने या मॅडमचा नंबर दिला. ऑफिस शिवाजीनगर कोर्टाच्या जवळ एका जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर, वनाझवरून मेट्रो पकडून सिव्हिल कोर्टला उतरलं की चालत जाता येतं, गाडी आणू नका, पार्किंगच्या नादात अपॉइंटमेंट जाईल. अर्थात अपॉइंटमेंट साडेचारची होती आणि आत गेले पावणेसहाला. एक स्टार तिथेच गेला. बसायला तीन खुर्च्या, त्यातल्या एकीवर फायली.

आत गेल्यावर मी रडगाणं सुरू केलं तर म्हणाल्या, अपॉइंटमेंट लेटर आणलंय का. मोबाइलवर दाखवायला लागले तर खाली पाठवलं, प्रिंट काढून आण. मग अकरा पानं पेन्सिल घेऊन सलग वाचली, मधे एक शब्द नाही, मी पंख्याकडे बघत बसलेले. सातव्या पानावर एका ओळीखाली रेघ मारली आणि कागद माझ्याकडे फिरवला. कंपनी लेखी कळवत नाही तोपर्यंत प्रोबेशन चालूच आहे असं समजावं. मी ही ओळ सही करताना वाचलीसुद्धा नव्हती. ही ओळ कंपनीने स्वतःच्या सोयीसाठी टाकलेली असते, म्हणजे कितीही महिने लटकत ठेवता येतं. इथे तीच त्यांच्या गळ्यात आली. नुसती मुदत संपली म्हणून कुणी आपोआप कन्फर्म होत नाही, तुमच्या लेटरमध्ये तसं लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून दुसऱ्याच्या केसवरून स्वतःचं ठरवू नका असंही त्यांनी बजावलं.

मग विचारलं, गेल्या आठवड्याभरात एचआरचा काही मेल? होता की! सहा महिने पूर्ण झाल्यावर चौथ्या दिवशी मी वर्क फ्रॉम होम मागितलं होतं आणि उत्तर आलेलं, प्रोबेशनवरच्या एम्प्लॉयींना ही सोय नाही. घरून काम मागितलं तर प्रोबेशन आणि राजीनामा दिला तर कन्फर्म. मॅडम पहिल्यांदा हसल्या.

जीएसटीचं तर त्यांनी दोन मिनिटांत निकालात काढलं. नोटीस पे रिकव्हरीवर, म्हणजे न भरलेल्या नोटिशीच्या दिवसांचे कंपनी जे पैसे घेते त्यावर, जीएसटी लागत नाही असं केंद्राच्या अप्रत्यक्ष कर बोर्डाचं सर्क्युलरच आहे, ३ ऑगस्ट २०२२ चं, नंबर १७८. तो नंबर मी तिथल्या तिथे हातावर लिहून घेतला, कारण वही बॅगेत आणि बॅग त्या फायलींखाली.

पण मला आवडलं ते हे की त्यांनी मला चढवलं नाही. मी म्हटलं मग उद्यापासून जातच नाही, तर चांगलंच झापलं. जबरदस्तीने कामावर कुणालाच ठेवता येत नाही, स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम १४ मुळे कोर्ट तसा हुकूम देणार नाही, हे खरं. पण नोटीस न भरता गायब झालीस तर ते नुकसानभरपाई मागू शकतात, आणि कोर्टात जायच्या आधी रिलिव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) अडवतील, रेकॉर्डला न सांगता पळाली म्हणजे अ‍ॅबस्कॉन्डिंग लिहितील, नवीन कंपनीच्या बॅकग्राउंड चेकमध्ये ते निघेल. मुदतीआधी नोकरी सोडली तर दोन लाख भर, या फ्लॅटमेटच्या बाँडचं पण विचारून घेतलं (फुकटात), मला वाटायचं बाँड म्हणजे सगळी हवाच असते. तर नाही, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षं किंवा दोन लाख हा बाँड योग्य धरलाय. सरकारी बँक, मोठी भरतीप्रक्रिया वगैरे कारणं होती, पण धरलाय. फ्लॅटमेटने त्या रात्री जेवण केलं नाही.

मेल त्यांनी सांगितला, मी टाइप केला. पाच ओळी, कायद्याचं एकही कलम नाही, धमकी नाही. अपॉइंटमेंट लेटरच्या अमुक कलमाप्रमाणे मी प्रोबेशनवर, सोबत तुमचा मेल, ३० दिवसांचा शेवटचा दिवस अमुक तारीख, हँडओव्हर कुणाला देऊ ते कळवा. चार दिवस शांतता. पाचव्या दिवशी राजीनामा स्वीकारल्याचा मेल, तारीख मी लिहिलेलीच, एक्सेल शीटचा उल्लेखच नाही.

तक्रारी आहेतच. नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर एक शंका विचारली त्याचे ५०० वेगळे घेतले, आधी सांगितलं नव्हतं. आणि फुल अँड फायनलच्या (नोकरी सोडताना मिळणाऱ्या शेवटच्या हिशोबाच्या) बाबतीत मला त्या जरा थंड वाटल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनामा दिलेल्याचे पैसेही दोन कामाच्या दिवसांत द्यायचेत असं त्यांनीच सांगितलं, माझे आले ४३ व्या दिवशी, तर म्हणाल्या एक रिमाइंडर टाक आणि गप्प बस, रिलिव्हिंग लेटर हातात आलंय ना. व्यवहार म्हणून बरोबर असेल पण मला राग आला तो आला. पीएफमधली एक्झिटची तारीख पण कंपनीने टाकलीच नाही, शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की पोर्टलवर आपली आपल्याला टाकता येते, तशी मी टाकली.

जाणार असाल तर लेटरची प्रिंट घरूनच काढून न्या, खालचा झेरॉक्सवाला एका पानाचे पाच रुपये घेतो आणि सुट्टे नसतील तर वर पेपरमिंटच्या गोळ्या देतो.