चालायचं की वजनं उचलायची?

साखर काठावर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलेले, आणि डॉक्टर म्हणाले, "व्यायाम सुरू करा." आता शिवाजी पार्कला फेऱ्या मारायच्या की जिमची फी भरायची? निवड करण्याआधी स्नायूंचं काम समजून घ्या.

जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. बसून बसून ते इन्सुलिनला दाद देईनासे झाले, की जादा साखरेची यकृतात चरबी होते. तीच ट्रायग्लिसराइड होऊन रक्तात उतरते आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. पण काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर आत ओढतो. हा फायदा दोन्ही व्यायामांत आहे.

भरभर चालण्याने स्नायूंतले मायटोकॉन्ड्रिया (पेशींतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं) आणि केशवाहिन्या (अगदी बारीक रक्तवाहिन्या) वाढतात, चरबी जाळायची ताकद वाढते, रक्तदाब उतरतो. वेग असा हवा, की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. रात्री जेवून सोसायटीच्या आवारात पंधरा मिनिटं चाललात तरी साखरेची उसळी कमी होते. मात्र नुसत्या चालण्याने स्नायू फारसे भरत नाहीत, आणि तिशीनंतर ते दर दशकात साधारण 3 ते 8 टक्के घटतात.

वजनं उचलल्याने स्नायू भरतात, म्हणजे साखरेचं कोठारच मोठं होतं. आपल्याकडे हे जास्तच गरजेचं आहे. 2004 साली पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन या दोन मधुमेह संशोधकांचा एकत्र फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 22.3, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के, युडकिन यांची 9.1! काटा बरोबर दाखवतो म्हणून निर्धास्त राहू नका.

यासाठी जिमच लागते असं नाही. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा. मांड्या भरून आल्या तर सुरुवात तिथूनच करा. उठताना श्वास सोडा. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो.

माझं मत विचाराल तर, आज काहीच करत नसाल तर आधी चालणं. हृदयासाठी त्याचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. रोज भरभर चालत असाल तर फेऱ्या वाढवू नका, आठवड्यातले दोन दिवस ताकदीच्या व्यायामाला द्या. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला किमान 150 मिनिटं चालण्यासारख्या व्यायामासोबत हे दोन दिवस सांगते. फक्त दादरचा पूल चढताना छातीत दडपण येत असेल, तर यातलं काहीही सुरू करण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा.