बोरची दिशा मोजणारा जायरो: आठ महिने वापरल्यावर

मे महिन्यात मोहोळकडच्या एका ४०० फुटी बोरमध्ये आमच्या जायरोने उतरताना ३०० फुटांवर दिशा दाखवली ११८ अंश. वर येताना त्याच खोलीवर १३१. मोटर अडकलेली, बोरगाडीवाल्याशी वाद पेटलेला, आणि शेतकरी विचारतायत, "साहेब, मग वाकलाय कुठल्या बाजूला?" मला सांगता येईना. त्या दिवशीचे पैसे मी घेतले नाहीत.

होकायंत्रावर चालणारं यंत्र आपल्याकडे उपयोगाचं नाही. लोखंडी केसिंगमध्ये (बोरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाईपमध्ये) सुई भरकटते, आणि केसिंग संपलं की काळा पाषाण. त्यातल्या मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजामुळे तिथेही भरवसा नाही. म्हणून जायरो घेतला. कल मोजायचं काम त्यातले अ‍ॅक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणावरून करतात, आणि ते चोख करतात. बोर २ अंश कलला तर ४०० फुटांवर तळ सुमारे १४ फूट बाजूला जातो. कलाचा आकडा मला दर वेळी नीट मिळाला.

दुखणं आहे दिशेचं. या स्वस्त जायरोत भोवरा फिरत नाही, सिलिकॉनचा बारीक तुकडा कंप पावत असतो. यंत्र किती वेगाने वळलं ते तो सांगतो आणि सॉफ्टवेअर त्याची बेरीज करत जातं. वेगात किंचित चूक असली तरी ती मिनिटागणिक साठते. म्हणूनच उतरताना आणि चढताना दोन्ही वेळा मोजायचं.

कंपनीला फोन केला तर म्हणाले, "तुमची हाताळणी चुकतेय, पाठवून द्या." कॅलिब्रेशनचे १८,५०० रुपये आणि जायचा-यायचा कुरिअर माझ्याच माथी. परत आल्यावर पहिल्याच दुपारी पुन्हा ११ अंशांचा फरक! तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो, हे घेऊ नका.

ते आता मागे घेतो. जूनमध्ये एकदा सकाळी सहाला काम केलं, फरक दीड अंश. मग लक्षात आलं की दुपारी जीपमध्ये जायरोची नळी इतकी तापते की हात लावता येत नाही, आणि तशीच ती बोरच्या गार पाण्यात जाते. घरच्या हौदात तापलेली नळी हलणार नाही अशी बांधून ठेवली. पहिल्या १५ मिनिटांत दिशा ९ अंश सरकली, नंतर थांबली. तापमान बदललं की या सेन्सरचा शून्यच हलतो, म्हणजे यंत्र स्थिर असलं तरी तो वळल्याचं दाखवतो. माहितीपुस्तिकेत एवढी एक ओळ मराठीत, निदान ठळक हिंदीत तरी हवी होती. सोलापूरच्या उन्हात यंत्र विकायचं आणि ही ओळ लिहायची नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आता नळी ओल्या गोणपाटात नेतो, पाण्यात २० मिनिटं थांबवतो, मग वर आणून जायरोला सुरुवातीची दिशा लावून देतो, कारण तो तिथून किती वळला एवढंच सांगतो. ती लावताना मोबाईलचं होकायंत्र वापरू नका, शेजारी गाडीचं लोखंड असतं. मी कारखान्याची चिमणी किंवा देवळाचा कळस धरतो आणि त्याची दिशा नकाशावरून काढतो.

उत्तर दिशा स्वतः शोधणारा जायरो पृथ्वीचं फिरणं, तासाला १५ अंश, पकडतो. त्याला हा खटाटोप लागत नाही, पण त्याची किंमत मला झेपणारी नाही.

मोहोळचा बोर मी परत जाऊन फुकट मोजून दिला. फरक २ अंश. वाकलाय आग्नेयेला, १६० फुटांपासून. १८,५०० परत मागणारं पत्र कंपनीला पाठवलंय, सोबत हौदातल्या मोजणीचा तक्ता जोडून.